तुम्हाला कोणी विचारलं?

शिवी परवडते. शिवीला उलट शिवी देता येते, नाही दिली तर निदान चारचौघांत सांगता येतं की अमुकतमुक मला असं असं बोलला. प्राचार्य हैबतराव मोहिते शिवी देत नसत. रोह्याच्या त्या कॉलेजात आल्यापासून त्यांनी कुणाला साधं गाढवसुद्धा म्हटलं नव्हतं. ते फक्त तीन शब्द बोलत. आवाज न चढवता, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता, पेनाचं टोपण लावता लावता: "तुम्हाला कोणी विचारलं?"

हे तीन शब्द सोमवारच्या मीटिंगमध्ये दत्तात्रेय घरतांच्या वाट्याला आले. घरत म्हणजे कॉलेजचे कार्यालय अधीक्षक. राहायला पेणला, नोकरी रोह्याला, निम्मं आयुष्य एसटीत. विद्यापीठाचा कुठला नियम कुठल्या पानावर आहे हे या कॉलेजात एका माणसाला ठाऊक, आणि तो माणूस घरत, असं निदान घरतांचं मत होतं.

विषय होता परीक्षा केंद्राचा. शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायला रोह्याच्या पोरापोरींना पेणला जावं लागे. आता विद्यापीठ रोह्यालाच केंद्र द्यायला तयार झालं होतं. अट एकच. प्रश्नपत्रिका ठेवायला पक्की खोली हवी, तिला लोखंडी दरवाजा, दरवाजाला दोन कुलपं, आणि दोन चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडता कामा नये. हे बघायला पुढच्या आठवड्यात शुक्रवारी समिती येणार होती.

हैबतराव म्हणाले, "दोन्ही चाव्या माझ्याकडे राहतील."

घरत म्हणाले, "साहेब, नियमाप्रमाणे दोन माणसं..."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

स्टाफरूममध्ये कुणीतरी चहाचा घोट घेतला, तो भुरका सगळ्यांना ऐकू आला. चहा देणाऱ्या कृष्णाबाई किटली धरून तशाच उभ्या राहिल्या. आणि एवढं बोलून झाल्यावर हैबतरावांनी पेन खिशाला लावलं आणि पुढे म्हणाले, "तुम्ही पेणला राहता ना? मग दरवाजा तिकडूनच करून आणा."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मग तुम्ही घरतांच्या जागी बसून बघा. ज्या माणसानं चार प्राचार्य आले-गेलेले पाहिले, त्याला कालच्या माणसानं शिपायादेखत गप्प बसवायचं, आणि वर हमालाचं काम सांगायचं. घरतांच्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी बसून ते उत्तरं तयार करत होते. भिसे खिंडीत एक सुचलं, ते फार मवाळ वाटलं. नागोठण्याला दुसरं सुचलं, त्यात व्याकरणाची चूक होती. गडब आलं तेव्हा असं काही खणखणीत उत्तर सुचलं की शेजारच्या माणसानं दचकून बघितलं. पण गडबला सुचलेल्या उत्तराचा रोह्याला काय उपयोग?

घरी पोचले तर शेजारचा गोविंदा अंगणात गणपतीचे डोळे रंगवत बसलेला. गोविंदा मूर्तिकार, आणि त्याहून जास्त सल्लागार. पेणमध्ये कुणाचंही लग्न, बांधकाम किंवा ऑपरेशन त्याच्या सल्ल्यावाचून झालेलं नाही. घरतांनी दरवाजाचं नुसतं नाव काढलं आणि गोविंदानं ब्रश थांबवला.

"भाऊ, लोखंडी दरवाजा करताव तं आतून उघडायची सोय ठेवा. मानूस आत अडाकला तं?"

"गोविंदा, तुला कोणी विचारलं?"

दिवसभर जे आत शिजत होतं ते असं भलत्याच ताटात पडलं. पण गोविंदाला काही झालं नाही. त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि म्हणाला, "कोनी इचारला नाय, म्हनून तं सांगतंय. इचारला असता तं इचार करून सांगितला असता."

घरत पाय आपटत घरात गेले. सल्ला चांगला होता, पण रागावलेल्या माणसाला चांगला सल्ला सगळ्यात आधी डाचतो.

दुसऱ्या दिवशी खोलीचं माप घ्यायचं होतं. ते घेतलं ग्रंथपाल कान्हू ठाकूरांनी. ठाकूर आणि घरत एका वर्षी नोकरीला लागलेले, रोज एका टेबलावर डबा खाणारे. घरतांच्या डब्यातलं सुकटीचं कालवण ठाकूरांकडे जायचं, ठाकूरांकडची वालाची उसळ इकडे यायची. एकमेकांना अरेतुरे. ठाकूर मापाचा कागद देताना म्हणाले, "दत्ता, हे माप प्लास्टर धरून आहे हां. चौकट करताना दोन बोटं कमी सांग."

घरतांच्या डोक्यात अजून सोमवारच होता. "ठाकूर, तुम्हाला कोणी विचारलं?"

ठाकूरांना 'कोणी विचारलं' एवढं लागलं नाही. त्यांना 'तुम्हाला' लागलं. इतक्या वर्षांत घरतांनी त्यांना कधी अहोजाहो केलं नव्हतं, मयतालासुद्धा नाही. ते म्हणाले, "बरं, घरतसाहेब," आणि वाचनालयात निघून गेले. दुपारी वालाची उसळ आली नाही. घरतांनी सुकट एकट्यानंच खाल्ली आणि ती पचली नाही.

तिकडे ठाकूरांनी वर्तमानपत्रांवरून शिपाई गुणाजीला तेच ऐकवलं. गुणाजीनं घंटेवरून माळ्याला ऐकवलं. माळ्यानं कुंड्यांवरून इतिहासाच्या प्राध्यापकांना ऐकवलं, ते तर नुसतं "जास्वंद छान आलीय" म्हणायला थांबले होते. आठवडा संपेपर्यंत ते वाक्य पडशासारखं सगळ्या कॉलेजभर झालं.

मग गंमत सुरू झाली. गंमत कसली, सत्यानाश. कुणी भांडत नव्हतं, हेच तर वाईट. भांडणारी माणसं निदान बोलतात. इथे जो तो आपलं काम चोख करत होता आणि न विचारता एक अक्षर सांगत नव्हता. वरची टाकी वाहून जिन्यावर धबधबा आला, तो चौघांनी बघितला आणि चौघं त्यातून छत्री उघडून गेले. मराठीच्या प्राध्यापकांचा वर्ग सहलीला गेला होता, ते रिकाम्या बाकांपुढे भाववाचक नाम शिकवून आले. गुणाजी दारात उभा होता, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं. मला विचाराल तर, आणि नाही विचारलंत तरी, माणसं कामानं थकत नाहीत, अशा बोलण्यानं थकतात. असल्या एका वाक्यानं सगळं कॉलेज मुकं होतं आणि वर साहेब म्हणतात, काय शिस्त आलीय बघा.

या सगळ्यात एकाच माणसाचा जीव खऱ्या अर्थानं टांगणीला लागला होता, आणि त्या म्हणजे कृष्णाबाई. खांबहून यायच्या, झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या. त्यांची सरू याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. लग्न झालेली, सासर खांबलाच, पदरात तान्हं मूल. गेल्या साली पेणला परीक्षेला जायचं म्हटल्यावर सासूनं साफ सांगितलं होतं, अंगावर पिणारं पोर टाकून पेणला जायचं नाय. रोह्याला असतं तर येऊन-जाऊन दिली असती. वर्ष फुकट गेलं. यंदाही केंद्र पेणलाच राहिलं तर सरूची पुस्तकं रद्दीत जाणार होती, सासूनं तसं बोलूनच दाखवलं होतं. म्हणून कृष्णाबाई रोज सकाळी घरतांच्या टेबलावर फडका मारताना विचारायच्या, "भाऊ, शेंटर व्हईल ना?" आणि घरत म्हणायचे, "होईल. मी आहे ना."

दरवाजा पेणला तयार झाला. तो रोह्याला आणायला टेम्पो मिळेना, कारण गणपतीचे दिवस तोंडावर आलेले. शेवटी पेणजवळच्या जोह्याहून रोह्याला कच्च्या मूर्ती घेऊन जाणारा एक टेम्पो मिळाला. टेम्पोवाला म्हणाला, दरवाजा घेतो, पण तो मूर्तींना लागता कामा नये, मध्ये कोणीतरी बसायला पाहिजे. तेव्हा कार्यालय अधीक्षक दत्तात्रेय घरत पेणपासून रोह्यापर्यंत लोखंडी दरवाजाला पाठ लावून आणि मांडीवर बिनरंगाचा गणपती घेऊन बसले. वाटेत एका स्टॉपवर त्यांच्याच कॉलेजची पोरं उभी होती. त्यांनी हात जोडले. ते गणपतीला की घरतांना, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

रोह्याला दरवाजा उतरवला आणि लावायला गेले तर दोन बोटं जास्त रुंद. नेमकी दोन बोटं. ठाकूर वाचनालयाच्या दारातून बघत होते. नुसतं पंचांग चाळत राहिले. गवंड्यानं भिंत फोडली, चौकट कशीबशी बसवली, पण ती किंचित कलली. त्यामुळे दरवाजा उघडा ठेवला की तो हळूहळू आपला आपणच फिरायचा आणि खटकन लागायचा. कुलपं दाबाची, लागला की लागला. चाव्यांची भोकं बाहेरून, आतून नुसता पत्रा.

हे सगळ्यात आधी कृष्णाबाईंच्या ध्यानात आलं, कारण खोली त्याच झाडायच्या. त्यांनी दाराला एक दगड लावून ठेवला. घरतांना दगड दिसला. नव्या कोऱ्या दरवाजाला, ज्याच्यासाठी त्यांनी मांडीवर गणपती वागवला होता, त्याला धोंडा.

"हा धोंडा कुणी ठेवला इथे?"

"मी ठेवलाय, भाऊ. यो दरवाजा आपापच..."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

कृष्णाबाईंनी पदर खोचला, दगड उचलला आणि मागच्या अंगणात नेऊन टाकला. "बरा, भाऊ," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर फडका मारला, पण शेंटरचं विचारलं नाही. घरतांना ते जाणवलं. जाणवलं आणि त्यांना कृष्णाबाईंचाच राग आला. माणसानं एकदा रागवायचं ठरवलं की राग कुणाचाही येतो.

गुरुवारी दरवाजाला हिरव्या रंगाचा शेवटचा हात दिला. उद्या समिती, तोवर वाळेल असा हिशेब. घरत दाराशी उभे राहून शेवटची नजर टाकत होते, तेवढ्यात फाटकात जीप वाजली. समिती. एक दिवस आधी.

खरं तर जीप आधी येणार हे बुधवारीच फोनवर कळलं होतं. फोन वाचनालयात. घेतला ठाकूरांनी. "बरं, सांगतो" असं त्यांनी फोनवर म्हटलंही होतं. कुणाला सांगतो, ते म्हटलं नव्हतं.

जीपचा आवाज ऐकून घरत दचकून फाटकाकडे वळले आणि दोन पावलं मागे सरले. त्यानंतर ते कॉलेजभर धावत सुटले. आश्चर्य म्हणजे ज्याच्या त्याच्याजवळून ते गेले तो तो त्यांच्याकडे वळून बघत होता. गुणाजीनं बघितलं. माळ्यानं बघितलं. ठाकूरांनी चष्मा पुसून बघितलं. कुणी काही बोललं नाही. घरतांना वाटलं, लोकांना आपल्या धावपळीचं कौतुक वाटतंय.

हैबतराव मात्र शांत. दोन्ही चाव्या त्यांच्या खिशात. समिती हात-पाय धूत होती तेवढ्यात त्यांनी खोलीवर शेवटची नजर टाकायचं ठरवलं. आत गेले, पाठीवर हात बांधून भिंती बघू लागले. मागे दरवाजा हळूहळू फिरला आणि खटकन लागला.

तो आवाज गुणाजीनं ऐकला. ठाकूरांनी ऐकला. मागच्या अंगणात बादली भरणाऱ्या कृष्णाबाईंनी ऐकला. जो तो आपल्या कामाला लागला.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. प्रवासानं त्यांची पाठ धरली होती आणि त्यांना परत जायची घाई होती. त्यांनी घरतांना विचारलं, "प्राचार्य कुठे आहेत?"

आणि त्या सोमवारपासून घरतांना कॉलेजच्या कामाचं पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारलं होतं.

"पक्क्या खोलीत आहेत, मॅडम."

"काय करताहेत?"

घरत ऑफिसच्या मागच्या खिडकीशी उभे होते. तिथून खोलीच्या दारावर आतून पडणाऱ्या थापा ऐकू येत होत्या. "तपासताहेत," ते म्हणाले.

"मग बोलवा त्यांना. आम्हाला अर्ध्या तासात निघायचंय. भेटले नाहीत तर केंद्राचं पुढच्या वर्षी बघू."

घरत मागच्या अंगणात गेले. खोलीला वर एक झरोका होता. त्यातून हैबतरावांचं नाक आणि चार बोटं दिसत होती. आत रिकामा खोका असावा, त्यावर ते चढले होते. खाली कृष्णाबाई बादली घेऊन उभ्या.

"ए बाई, दार उघड," नाक म्हणालं.

"चावी कुठं हाय?"

"माझ्याकडे."

"मंग तुमीच उघडा."

"आतून उघडत नाही ना. तुला माहीत होतं का हे असं लागतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

कृष्णाबाईंनी मान वळवून घरतांकडे बघितलं.

खोटं कशाला सांगू, घरतांच्या मनात आलं होतं की राहू दे. राहू दे याला अंधारात. याच्या तीन शब्दांनी आख्खं कॉलेज कुजलं, आता बसू दे खोक्यावर आणि विचारू दे स्वतःलाच. अर्धा तास नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर आता सगळ्यांना सवयच झाली होती. एसटीत सुचलेलं कुठलंही उत्तर याच्यापुढे फिकं होतं. पण कृष्णाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत केंद्र नव्हतं, साहेब नव्हता. त्यांनी उचलून नेलेला तो दगड तिथेच, घरतांच्या पायाशी पडला होता. आणि अर्ध्या तासात सरूची परीक्षा जाणार होती. साहेबाची नव्हे, सरूची.

"साहेब, चाव्या टाका," घरत म्हणाले.

चाव्या झरोक्यातून आल्या आणि कृष्णाबाईंच्या बादलीत पडल्या. घरतांनी बाह्या न सरसावताच हात घातला. दोन्ही चाव्या हाती लागल्यावर ते व्हरांड्यात आले आणि वाचनालयाच्या दिशेनं त्यांनी हाक मारली. साधी, पूर्वीसारखी.

"कान्हू, ये रे इकडे. एकट्याचं काम नाही हे."

ठाकूर क्षणभर दारात थांबले. मग चपला न घालताच आले. घरतांनी एक चावी त्यांच्या हातावर ठेवली. गलक्यानं समितीही तिथे येऊन पोचली होती. दोघांनी दोन भोकांत चाव्या घातल्या, ठाकूर म्हणाले, "दत्ता, हां," आणि दोन्ही एकदम फिरल्या. दार उघडलं. आतून हैबतराव बाहेर आले. डोक्यावर जळमट होतं, पण चेहरा मीटिंगमधलाच होता.

अध्यक्षबाई पेनानं दरवाजा ठोकून बघत होत्या. "पक्की आहे खोली. आणि हे बरं केलंत, चावीवाले दोघं वेगळे ठेवलेत. बाकीच्या ठिकाणी सगळं एकाच खिशात असतं."

हैबतरावांनी जळमट झटकलं आणि हात पुढे केला. "आणा त्या चाव्या इकडे."

घरतांनी चावी मुठीत धरली. "साहेब, एक माझ्याकडे राहील, एक ठाकूरांकडे."

हैबतरावांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. "घरत, तुम्हाला कोणी विचारलं?"

समितीसमोर. गुणाजीसमोर, माळ्यासमोर, सगळ्यांसमोर. घरतांच्या छातीत भिसे खिंड, नागोठणं आणि गडब एकदम गोळा झालं. इतक्या दिवसांत तयार केलेलं प्रत्येक उत्तर ओठांवर आलं, आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही. बाहेर आलं ते गोविंदाचं.

"कोणी नाही विचारलं, साहेब. म्हणून तर सांगतोय."

आणि त्यांनी चावी खिशात घातली. शेजारी ठाकूरांनीही घातली. हैबतरावांचा हात तसाच पुढे राहिला. काय करावं न सुचून त्यांनी तो दरवाजाला टेकवला आणि तळवा हिरवा करून घेतला. अध्यक्षबाईंनी तिथेच उभ्याउभ्या सांगून टाकलं, केंद्र मंजूर, लेखी कळवतो, आणि जरा चहा मिळाला तर बरं होईल.

हैबतराव सुधारले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शनिवारीच त्यांनी इतिहासाच्या प्राध्यापकांना तेच ऐकवलं. पण प्राध्यापक म्हणाले, "कोणी नाही, सर," आणि जे सांगायचं ते पुरतं सांगूनच खाली बसले.

तर गुरुवारी जीप गेली. ठाकूर म्हणाले, उद्या उसळ आणतो. घरत ताठ मानेनं व्हरांड्यातून ऑफिसकडे निघाले. इतकं ताठ ते लग्नातसुद्धा चालले नव्हते. मागून कृष्णाबाई आल्या. हातात तोच दगड होता. तो त्यांनी दाराला लावला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पँटीला मागं हिरवा रंग लागलाय. चांगला फळीयेवढा."

घरतांनी हात मागे नेला. हात हिरवा झाला. "कधीपासून?"

"सकालपासून. जीप आली तवापासून."

म्हणजे समितीनं पाहिलं. अध्यक्षबाईंनी पाहिलं. ते खणखणीत वाक्य बोलून पाठ फिरवली, तेव्हा सगळ्या कॉलेजनं पाहिलं. घरतांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"अहो मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"तवा इचारला नव्हता कोनी."

"मग आता कोणी विचारलं?"

कृष्णाबाईंनी पदरानं तोंड झाकलं, पण हसू काही झाकलं गेलं नाही. "आता पन नाय इचारला," त्या म्हणाल्या. "म्हनून तं सांगतंय."

मग त्यांनी रॉकेलचा बोळा आणून घरतांच्या हातात दिला आणि सरूला सांगायला म्हणून खांबची एसटी गाठायला निघून गेल्या.